गरम म्हणजे नेमके किती गरम?

गॅरेजमध्ये नव्याने आलेल्या मुलाच्या हाती पहिले काम ऑइल बदलण्याचेच दिले जाते, कारण त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही असे सगळेच धरून चालतात. मीही तसेच धरून चाललो होतो.

त्या सकाळी एक डिझेल गाडी लांबचा पल्ला मारून थेट आमच्या दारात आली. मालकांना लगेच पुढे निघायचे होते. मुलाने गाडी लिफ्टवर चढवली आणि मला विचारले, "दादा, ऑइल गरमच काढायचे ना?" मी दुसऱ्या गाडीच्या ब्रेकमध्ये गुंतलो होतो, मान न वळवताच "हो" म्हणालो. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, आणि त्याची किंमत त्याने मोजली.

लांबून धावून आलेल्या इंजिनातील ऑइल 100 अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी कधी त्याहूनही अधिक तापलेले असते. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, तळाशी ऑइल काढण्यासाठी असलेला ड्रेन बोल्ट पान्ह्याने सैल केला की शेवटचे दोन-तीन आटे बोटांनीच फिरवावे लागतात. त्या वेळी बोल्ट आतल्या बाजूला दाबून धरायचा आणि आटे संपताच हात झटकन बाजूला घ्यायचा, हे आमच्या हातांना सवयीने कळते; त्याला ते कोणी सांगितलेच नव्हते. बोल्ट सुटला, तापलेल्या ऑइलची धार त्याच्या मनगटावरून थेट बाहीत शिरली आणि बोल्ट पसरट भांड्यात पडला. धारेपेक्षा बाहीनेच जास्त घात केला, कारण ऑइलने भिजलेले कापड ती उष्णता कातडीला धरून ठेवते. आम्ही बाही कापून काढली, हात वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरला आणि त्याला दवाखान्यात नेले. एकाने टूथपेस्ट आणली होती; ती मी परत पाठवली.

घाईत असलेल्या मालकांना शेवटी तासभर थांबावेच लागले.

उस्तादांनी तिथल्या तिथे फर्मान काढले की यापुढे प्रत्येक गाडीचे ऑइल थंडच काढायचे. त्यांचा राग मला समजत होता, तरी मला ते पटले नाही. ऑइल कोमट केले की पातळ होते. नेहमीचे 5डब्ल्यू-30 या घट्टपणाच्या श्रेणीचे ऑइल 100 अंशांपेक्षा 40 अंशांना पाच-सहा पट घट्ट असते. शिवाय इंजिन थोडा वेळ चालले की तळाशी बसू लागलेली काजळी आणि बारीक कण ढवळून ऑइलबरोबर बाहेर पडतात.

दुपारी मात्र उस्तादांच्या बाजूनेही काही बोलता येईल असे दिसले. रात्रभर उभ्या असलेल्या एका गाडीचे ऑइल आम्ही थंडच काढले. धार मधासारखी जाड आणि संथ होती, शेवटचे थेंब तर संपता संपेनात. पण मापात ओतून पाहिले तेव्हा पुस्तकात दिलेल्या आकड्याच्या अगदी जवळ आले. रात्रभरात वरच्या भागातले ऑइल आपसूकच चेंबरमध्ये उतरून बसलेले असते, हे मी हिशेबात धरलेच नव्हते. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनात नेमके उलटे होते, बरेचसे ऑइल अजून वरच अडकलेले असते. थंड काढले म्हणून इंजिन खराब होते, असे म्हणणाऱ्यांशी मी त्या दिवसापासून वाद घालायचे सोडले आहे.

संध्याकाळच्या गाडीला मी स्वतः हात लावला. इंजिन पाच मिनिटे नुसते चालवले. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचे तापमान दाखवतो आणि ऑइल त्याच्या मागून तापते, म्हणून मी काट्यावर विसंबलो नाही. इंजिन बंद करून ऑइल भरायचे वरचे झाकण उघडले, दहा मिनिटे थांबलो आणि चेंबरजवळ हाताची मागची बाजू नेऊन अंदाज घेतला. सायलेन्सरच्या पाइपापासून हात लांबच ठेवला, तो कोमट इंजिनातही भाजतो. मग लांब हातमोजे घालून बोल्ट काढला. धार पातळ, काळी आणि सरळ भांड्यात पडली. नवे वॉशर लावून बोल्ट बसवला, ऑइल भरले, ऑइल मोजायची काडी पुसून पातळी पाहिली.

तोवर मुलगा मनगटाला पट्टी बांधून परत आला होता. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, "दादा, बोल्ट आत दाबायचा म्हणजे नक्की कसा?" मी जुना चेंबर टेबलावर उलटा ठेवला आणि त्याच्या डाव्या हातात बोल्ट दिला.