कोठीमागची खोली

सकाळी गवंडीमामांनी विचारलं, "ताई, कोठीमागची खोली कुणाची होती?" मी पटकन म्हटलं, "कुणाची नाही." तेव्हापासून ते दोन शब्द डोक्यातून जात नाहीत.

आमच्या जुन्या वाड्यातला दिवाणखाना कुणाचा, बाळंतिणीची खोली कुठली, माजघर किती खणांचं, सगळं तोंडपाठ आहे मला. आणि ही धुरानं काळी झालेली एकखणी जागा? तिथे मी न्हाणीघर काढणार होते.

मागच्या आठवड्यात मोडीवाल्या सरांनी माळ्यावरचा रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं, सोडला. शके १७२४ चा, म्हणजे इ.स. १८०२ च्या सुमाराचा, खर्चाचा कागद. कपिलेस सरकी, दिव्यास तेल, आणि खाली 'कुणबिणीस लुगडे १'. "म्हणजे कामाची बाई?" सर म्हणाले, "विकत घेतलेली." पेशवाईत मोठ्या घरांतून अशा बायका असत, कंपनी सरकारनं १८४३ च्या कायद्यानं गुलामीची मान्यता काढून घेतली, हे मी वाचलेलं होतं. पण आमच्याच तुळईखाली बसून वाचलं नव्हतं.

दोन वर्षं या वाड्याच्या दुरुस्तीत एकटी धूळ खातेय. दादा फक्त फोटो मागतो. सिमेंट मातीच्या भिंतीतली ओल कोंडून ठेवतं, म्हणून हट्टानं चुना भिजवला, विटांची भुकटी, गूळ, हिरडा घालून दगडी चाकाच्या घाणीवर मळून घेतला. एवढं सगळं कुणासाठी? माणूस विकत घेणाऱ्यांसाठी? दुपारी रडूच आलं. काकांना फोन केला, तर "तेव्हा सगळीकडेच होतं." आईला ठाऊक असेल का हे... जाऊ दे.

मेणवलीच्या वाड्यातलं कागदपत्रांचं दप्तर राहिलं म्हणून नाना फडणीस आपल्याला इतके कळतात. आमचं दप्तर उंदरांनी खाल्लं, तरी एका लुगड्याची ओळ उरली. तिचं नाव नाही लिहिलेलं.

संध्याकाळी त्या खोलीत जाऊन बसले. उंबरा मधोमध झिजून खोलगट झालाय. दिवाणखान्याचाही इतका झिजलेला नाही. किती वेळा आत-बाहेर केलं असेल तिनं. बोट फिरवलं त्यावरून, मग जरा शांत वाटलं.

कुणाची नाही, असं कसं म्हटलं मी.

न्हाणीघर परसात निघेल. इथे भिंतीला दिवाणखान्याचाच चुना लावायचा आणि रुमाल इथेच ठेवायचा. मामांना उत्तरही बदलून सांगायचं. आणि उंबऱ्याला हात लावायचा नाही, हे सगळ्यात आधी. सुतार सागाची फळी घेऊन आठलाच येतो.