लिस्बनचा फ्लॅट, पणजीतून

आज पणजीत ओळखीच्यांचे लिस्बनमधल्या फ्लॅटचे कागद पाहिले. भाड्याने द्यायला, विनाकर्ज घ्यायचाय. पैसे तयार असले तरी एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी एप्रिल ते मार्च 2,50,000 डॉलरच पाठवता येतात. शिवाय 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कापलेला कर, घेते. रिटर्नमध्ये तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. हिशेब इथेच कोलमडतो, आणि तोपर्यंत विसार देऊन झालेला असतो! तिथे घेणारा मागे हटला तर विसार बुडतो. विकणारा हटला तर दुप्पट परत. म्हणून कळकळीने सांगतो, आधी रकमेचं वेळापत्रक, मग सही. एनआयएफ हा तिथला कर क्रमांक त्याआधीच काढा. आयएमटी हा तिथला मालमत्ता हस्तांतरण कर आणि 0.8 टक्के मुद्रांक शुल्क खरेदीखताआधी भरायचं. फ्लॅट रिकामा असला तरी आपल्या रिटर्नच्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचाच.