रिकाम्या खुर्च्यांसमोरचा डेव्हिस चषक

माझी थोरली मुलगी हँडबॉल खेळते आणि त्यामुळे हिवाळ्यातले बरेचसे शनिवार माझे स्वीडनमधल्या माल्मोच्या बाल्टिस्का हालेनमध्ये जातात. १९६४ साली बांधलेले हे सभागृह बाहेरून अगदी साधे, सरकारी वळणाचे आहे. आत गेले की यंत्रातल्या कॉफीचा आणि उकडलेल्या सॉसेजचा वास येतो, लाकडी जमिनीवर बुटांचे करकर आवाज येत असतात आणि पालक मंडळी, एरवी ट्रेनमध्ये शेजारच्याशी चकार शब्द न बोलणारी, इथे मात्र घसा फुटेस्तोवर ओरडत असतात. सुमारे चार हजार माणसे मावतील अशा या जागेत मार्च २००९ मध्ये टेनिसच्या डेव्हिस चषकाची एक लढत प्रेक्षकांविना खेळली गेली, हे मला इथे राहायला आल्यावर दोन वर्षांनी कळले, आणि तेही आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींकडून.

या आजी निवृत्त शिक्षिका आहेत. मी त्यांना मनात आणि या लेखात आजी म्हणते, प्रत्यक्षात मात्र त्यांच्या पहिल्या नावाने आणि एकेरीत हाक मारावी लागते. स्वीडिश लोकांनी साठच्या दशकाच्या अखेरीस आदरार्थी संबोधने जवळजवळ टाकूनच दिली आणि पंचाहत्तरी गाठलेल्या बाईंना ‘तू’ म्हणताना पुण्यात वाढलेल्या माझी जीभ अजूनही अडखळते. त्या दिवशी मी बाल्टिस्का हालेनमधून येते आहे हे ऐकून त्या म्हणाल्या, “तिथं इस्रायलची मॅच झाली तेव्हा मी बाहेर होते. बोस्टाडलाही बाहेरच होते. टेनिस मी आयुष्यात बाहेरूनच पाहिलं.”

त्यांचे म्हणणे नीट समजावे म्हणून आधी या स्पर्धेची घडण सांगायला हवी. विम्बल्डनमध्ये खेळाडू स्वतःच्या नावावर येतो आणि हरला की सामान उचलून निघून जातो. पुरुषांच्या सांघिक स्पर्धेत, म्हणजे डेव्हिस चषकात, देश येतो. त्याचा ध्वज चढतो, राष्ट्रगीत वाजते आणि हे सारे, २०१९ पासूनचा अंतिम टप्पा सोडला तर, कुठल्या तरी तटस्थ जागी नव्हे, तर दोघांपैकी एकाच्या घरी होते. कोणाशी गाठ पडणार हे ड्रॉ ठरवतो आणि ड्रॉला परराष्ट्र धोरण कळत नाही. ज्या राजवटीशी आपल्या सरकारचे बोलणे बंद आहे, तिचा संघ एखाद्या सप्टेंबरात आपल्याच गावच्या कोर्टावर पाहुणा म्हणून हजर होऊ शकतो. म्हणून या स्पर्धेतला पेच नेहमी यजमानाच्या दारात येऊन उभा राहतो. खेळ आणि राजकारण वेगळे ठेवा असे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सहसा आठवत नाही. १९०० साली ही स्पर्धा सुरू करणारा ड्वाइट डेव्हिस पुढे अमेरिकेचा युद्धमंत्री झाला आणि त्यानंतर फिलिपिन्सचा गव्हर्नर जनरल.

बोस्टाड हे आमच्या स्कोने प्रांताच्या उत्तर टोकाचे समुद्रकाठचे गाव. नवे स्टेशन गावाबाहेर असल्यामुळे गाडीतून उतरून बरेच चालावे लागते आणि मग बंदराला लागून टेनिसचे स्टेडियम दिसते. उन्हाळ्यात इथे स्पर्धेच्या निमित्ताने श्रीमंतांची जत्रा भरते. राजा पाचवा गुस्ताफ इथे टेनिस खेळत असे आणि स्पर्धेत उतरताना ‘मिस्टर जी’ असे नाव घेत असे. मी गेले तेव्हा सप्टेंबर होता, आइस्क्रीमची दुकाने बंद झाली होती आणि लाल मातीच्या कोर्टांवर पाणी मारणारा एक माणूस सोडला तर कोणी नव्हते. इतक्या शांत गावात दोनदा पोलिसांची फौज उतरली होती, हे पटत नाही.

पहिल्यांदा ३ मे १९६८ रोजी. पाहुणा संघ ऱ्होडेशियाचा होता, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेचा. तिथे इयन स्मिथच्या गोऱ्या अल्पसंख्य सरकारने १९६५ मध्ये एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले होते. निदर्शकांनी प्रवेशद्वारापाशी गर्दी केली, कोर्टावर तेलाच्या पिशव्या फेकल्या, पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले आणि खेळ सुरू होण्यापूर्वीच रद्द झाला. ती लढत नंतर गाजावाजा न करता फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बांदोल इथे उरकण्यात आली आणि पाच सामन्यांची ती लढत स्वीडनने ४-१ अशी जिंकली. त्याच महिन्याच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ऱ्होडेशियावर व्यापक निर्बंध लादले. त्यांच्यापेक्षा बोस्टाडची पोरे काही आठवडे पुढे होती, एवढे म्हणायला हरकत नाही.

दुसरी वेळ आजींची. सप्टेंबर १९७५, स्वीडन विरुद्ध चिली, उपांत्य फेरी. चिलीत लष्करप्रमुख पिनोचेटने सत्ता बळकावून दोन वर्षे झाली होती, स्वीडनचे राजदूत हाराल्ड एडेलस्टाम यांना त्या राजवटीने डिसेंबर १९७३ मध्ये देशाबाहेर काढले होते आणि चिलीतून जीव वाचवून आलेले निर्वासित स्वीडनच्या गावोगावी राहू लागले होते. चिलीचा खेळाडू हाइमे फिल्योल याला धमक्या आल्या होत्या. हजारावर पोलीस, कुंपणे, आणि बाहेर ‘सामना थांबवा’ असे फलक घेतलेले काही हजार लोक. त्यात तेव्हा शिक्षिकेचे प्रशिक्षण घेणाऱ्या आजी होत्या. त्यांना आठवतात ते रबरी बूट, थर्मासमधली कॉफी आणि शेजारी चालणारी चिलीची एक तरुणी, जिला स्वीडिशमधली तेवढी एकच घोषणा येत होती. “चेंडूचा आवाज येतो का म्हणून आम्ही मधे एकदा गप्प झालो होतो,” आजी म्हणाल्या, “काहीच ऐकू आलं नाही.”

आत एकोणीस वर्षांचा ब्योर्न बोर्ग खेळत होता. सामना थांबला नाही. स्वीडनने तो ४-१ असा जिंकला आणि डिसेंबरात स्टॉकहोममध्ये चेकोस्लोव्हाकियाला ३-२ असे हरवून पहिल्यांदाच डेव्हिस चषक मिळवला. स्वीडिश टेनिसचा सुवर्णकाळ तिथून मोजतात. आजींना त्या चषकाचे कौतुक नाही आणि रागही नाही. “बोर्ग चांगला मुलगा होता,” एवढेच त्या म्हणतात.

इथे मला माझ्या बाबांची गोष्ट सांगावी लागते, कारण ती बरोबर एक वर्ष आधीची आणि उलट्या बाजूची आहे. १९७४ मध्ये भारताने कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरवले आणि मग उपांत्य फेरीत सोव्हिएत संघाला ३-१ असे हरवले ते पुण्यात. बाबा तेव्हा कॉलेजात होते. विजय आणि आनंद अमृतराज यांना त्यांनी डोळ्यांनी पाहिले, हे आमच्या घरात इतक्या वेळा सांगितले गेले आहे की आई ते वाक्य त्यांच्याआधी पूर्ण करते. विजय अमृतराज त्या वेळी वीस वर्षांचा होता आणि त्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेत त्याने बोर्गला हरवले होते. अंतिम लढत उरली होती ती दक्षिण आफ्रिकेशी. वर्णद्वेषी धोरणामुळे १९७० मध्ये स्पर्धेबाहेर काढलेला तो देश १९७३ मध्ये परत आला होता. भारताने अंतिम लढत खेळायला नकार दिला आणि न खेळता चषक दक्षिण आफ्रिकेकडे गेला. तोपर्यंतच्या पाऊणशे वर्षांत चारच संघांनी जिंकलेला चषक पाचव्या देशाकडे गेला, तो असा.

भारताने तो चषक आजवर जिंकलेला नाही. १९६६ मध्ये मेलबर्नला हरलो, १९७४ मध्ये खेळलो नाही आणि १९८७ मध्ये याच स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला, ५-० असे हरलो. त्या १९८७ च्या वाटेवर भारत दिल्लीत इस्रायलशी खेळला होता, जेव्हा दोन्ही देशांत पूर्ण राजनैतिक संबंधही नव्हते. ते जानेवारी १९९२ मध्ये प्रस्थापित झाले. म्हणजे तत्त्वासाठी अंतिम लढत सोडणारा देश तेरा वर्षांनी पाहुण्याला दार उघडतो. यात विसंगती आहे असे मला वाटत नाही, पण हिशेब दर वेळी नव्याने मांडला गेला, आणि तो दिल्लीत मांडला गेला, खेळाडूंच्या खोलीत नव्हे, हे उघड आहे.

चषकाच्या बैठकीवर विजेत्यांची नावे कोरलेली असतात. १९७४ दक्षिण आफ्रिका, १९७५ स्वीडन, १९७६ इटली. लागोपाठ तीन वर्षे तीन नवी नावे, आणि टेनिसच्या पुस्तकात हा खेळाच्या प्रसाराचा पुरावा म्हणून देता येईल. खरे तर पहिले नाव भारताच्या नकारामुळे आले. दुसरे पोलिसांच्या कड्याआड मिळवलेल्या विजयातून आले. तिसऱ्या वर्षी सोव्हिएत संघाने चिलीशी उपांत्य लढत खेळायला नकार दिला, त्यामुळे चिलीला पुढे चाल मिळाली आणि इटलीत जाऊ-नको-जाऊ असा मोठा वाद होऊन अखेर इटलीचा संघ सान्तियागोला जाऊन जिंकून आला. १९७३ मध्ये ज्या राष्ट्रीय स्टेडियमचा छळछावणीसारखा वापर झाला होता, त्याच्याच आवारात ती लढत झाली. इटलीचे पनात्ता आणि बेर्तोलुच्ची दुहेरीत लाल, म्हणजे पिनोचेटच्या विरोधकांच्या रंगाचे, शर्ट घालून उतरले होते. तेवढाच निषेध त्यांच्या हातात होता.

आता पुन्हा माल्मो. २००९ च्या सुरुवातीला गाझामधले युद्ध नुकतेच थांबले होते, माल्मोत अरब वस्ती मोठी आहे, ज्यू वस्ती लहान आणि धास्तावलेली. पहिल्या फेरीत इस्रायल आला. ही लढत कशी व्हावी हे ना परराष्ट्र मंत्रालयाने ठरवले, ना टेनिस संघटनेने. ठरवले ते महापालिकेच्या क्रीडा आणि फावल्या वेळेच्या समितीने, जी एरवी जलतरण तलावांच्या वेळा आणि हँडबॉलच्या सरावाचे तास वाटते. सुरक्षेचे कारण देऊन तिने प्रेक्षकांना बंदी केली आणि काहीशे निमंत्रित सोडून सभागृह रिकामे ठेवले. बाहेर हजारो लोकांचा मोर्चा निघाला. बहुतेक लोक शांततेने चालले, एका गटाने पोलिसांवर दगड आणि फटाके फेकले. आजी पहिल्यांत होत्या आणि दुसऱ्यांमुळे लवकर घरी गेल्या.

आत जे झाले ते मला अधिक चटका लावते. लढत २-२ अशी बरोबरीत आली आणि निर्णायक सामन्यात स्वीडनकडून आन्द्रेआस विन्सिगेरा उतरला. हा माल्मोचाच मुलगा. दुखापतींनी त्याची उमेदीची वर्षे खाल्ली होती. आपल्या गावात, आपल्या देशासाठी, पाचव्या सामन्याच्या पाचव्या सेटपर्यंत तो गेला आणि हारेल लेव्हीकडून ८-६ असा हरला. मी बसते त्या रांगेतून ते कोर्ट किती जवळ दिसत असेल याचा मी अनेकदा अंदाज घेते. बारा वर्षांच्या मुलींच्या सामन्यातही शेवटच्या दोन मिनिटांत या भिंती दणाणतात. त्या रविवारी त्याला ओळखणारी, त्याच्यासाठी ओरडली असती अशी हजारो माणसे शहरात होती आणि खुर्च्या मोकळ्या होत्या.

या प्रकाराबद्दल आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने स्वीडिश संघटनेला २५,००० डॉलरचा दंड केला आणि माल्मोला पुढच्या लढतींसाठी मज्जाव केला. रिकामे सभागृह हा तेव्हा गुन्हा ठरला. सोळा वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, कॅनडा आणि इस्रायल यांची हॅलिफॅक्समधली लढत पुन्हा प्रेक्षकांविना झाली, आणि या वेळी ते महासंघाशी विचारविनिमय करून ठरले होते. दरम्यान याच महासंघाने मार्च २०२२ मध्ये रशिया आणि बेलारूस यांना स्पर्धेतून निलंबित केले होते, आणि रशिया तर त्या वेळी गतविजेता होता. एका देशाला बाहेर काढायचे आणि दुसऱ्याला आत घेऊन दार लावायचे, या दोन्हींमागे कोणता एक नियम आहे, ते मला कळलेले नाही. माझे मत विचाराल तर न खेळणे समजू शकते आणि प्रेक्षकांसमोर, निदर्शकांसमोर खेळणेही समजू शकते. दार लावून खेळणे हा मात्र यजमानाने स्वतःची केलेली सोय आहे, कारण त्यात पाहुण्यालाही उत्तर द्यावे लागत नाही आणि गावालाही नाही. माल्मोच्या ज्यू रहिवाशांना आपला पाठिंबा आत येऊन दाखवता आला नाही आणि विन्सिगेराच्या शाळासोबत्यांनाही.

हॅलिफॅक्सचे सामने झाले तेव्हा बाबा आमच्याकडे आले होते. संध्याकाळी मी संगणकावर ते लावले आणि आजींना खाली जाऊन बोलावून आणले. बाबांनी त्यांना ‘मॅडम’ म्हटले, आजींनी ते दुरुस्त केले, बाबांनी पुन्हा ‘मॅडम’ म्हटले. पडद्यावर खेळाडूंच्या मागे ओळीने दुमडलेल्या खुर्च्या दिसत होत्या आणि चेंडू रॅकेटवर आदळल्याचा आवाज इतका स्वच्छ येत होता की बाबांनी आवाज कमी करायला सांगितले. मी दुभाष्याचे काम करत १९७४ ची गोष्ट आजींना सांगितली. भारत अंतिम फेरीत पोहोचला होता हेच त्यांना ठाऊक नव्हते.

“खेळायचं नाही असं ठरलं तेव्हा तुम्हाला राग आला होता का?” त्यांनी विचारले.

“आला होता,” बाबा म्हणाले, “पण तो कोणावर काढायचा ते समजलं नाही. ठरलं ते बरोबरच होतं.” मग थोडे थांबून, “मात्र तिकिटाचे पैसे मी आधीच साठवायला लागलो होतो, फायनल कुठेही असली तरी.”

आजींना ते ‘कुठेही’ मी दोनदा समजावून सांगितले.