निवडणुकीच्या दिवशी आलेला अल्बम

गुरुवार, रात्री

आज दिवसभर रिलायंट के या बँडचा 'म्म्हम्म' हा अल्बम लावून ठेवला होता. कामात, स्वयंपाकात, आत्ता लिहितानाही तोच. अमेरिकेत ओहायोतल्या कॅन्टन गावच्या पोरांचा हा बँड. गिटार वाजवणाऱ्या मॅट हूप्सकडे प्लिमथ रिलायंट गाडी होती, तिच्यावरून नाव घेतलं आणि ट्रेडमार्कची भानगड नको म्हणून स्पेलिंगमध्ये एक अक्षर फिरवलं. असल्या नावाचा बँड पुढे गंभीर होईल असं कुणाला वाटलं असेल!

अल्बमची तारीख आज पहिल्यांदाच नीट पाहिली: 2 नोव्हेंबर 2004, मंगळवार. अमेरिकेत तेव्हा नवे अल्बम मंगळवारीच दुकानात येत, त्यात काही विशेष नाही. पण तोच मंगळवार राष्ट्राध्यक्षपदाच्या बुश विरुद्ध केरी मतदानाचा. त्याआधी जेमतेम सहा आठवडे ग्रीन डे या पंक बँडचा 'अमेरिकन इडियट' आला होता, सरकारवर आणि टीव्हीवर आग पाखडणारा. निकालानंतर चर्चला जाणाऱ्या मतदारांनी बुशना कसं तारलं यावर भरपूर शाई खर्च झाली. म्हणजे 'ख्रिश्चन' या शब्दाला राजकीय धार चढलेली असताना, नेमक्या त्या दिवशी, ख्रिश्चन पॉप पंकचा (पंक म्हणजे बंडखोर, धडधडतं रॉक; पॉप पंक त्याचा गोड चालींचा भाऊ) अल्बम बाजारात आला. आणि त्यात राजकारण औषधालाही नाही.

मला सगळ्यात जास्त हेच भावतं. पंकचा राग बहुतेक वेळा बाहेर जातो: आईबाप, शाळा, पोलीस, सरकार. इथे ढोल तितकेच बडवलेत, गिटार तितक्याच धावतात, पण बँडचा गायक मॅट थीसेन शिव्या घालतो त्या स्वतःला. 'हू आय अ‍ॅम हेट्स हू आयव्ह बीन' हे नावच बघा ना. आजचा मी कालच्या माझा तिरस्कार करतो. 'बी माय एस्केप'मध्ये तो शंकेच्या घरात कोंडून बसलाय, किल्ली 'तुझ्या'कडे, म्हणजे देवाकडे आहे, आणि कोठडी बांधणारा हात त्याचा स्वतःचाच. त्यातच ती ओळ येते, कृपेची गंमत ही की तिच्यामुळे आयुष्य न्यायाचं राहत नाही, अशा अर्थाची. एरवी 'हे बरोबर नाही' म्हणून आरडाओरडा करणं हा पंकचा जन्मसिद्ध हक्क. इथे हिशोब चुकला म्हणून गाणारा हात जोडतोय, कारण हिशोब बरोबर लागला असता तर तोच बुडाला असता.

चौथं गाणं 'आय सो हेट कॉन्सिक्वेन्सेस' मी आज तीनदा मागे नेलं. अर्धंअधिक गाणं म्हणजे किंचाळत पळ काढणं. केलेल्याची फळं नकोत, एवढाच धोशा. मग आवाज उतरतो. पळून पळून दमलेला माणूस श्वास घ्यायला थांबतो आणि त्याच्या कानावर येतं की मुला, तुझी आठवण येते, घरी ये. दार लागतं, आणि 'मी सांगितलं नव्हतं का' असं कुणीच म्हणत नाही. बायबलमधल्या, लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राची (सगळं उधळून परतलेल्या मुलाला बाप जवळ घेतो ती) ही गोष्ट आहे, पण त्या पुत्राचं नाव न घेता सांगितलेली. माझा काही चर्चशी संबंध नाही, तरी ते 'मी सांगितलं नव्हतं का' न ऐकू येणं मला दर वेळी गाठतं. आपल्याकडच्या घरांत ते वाक्य चपला काढायच्या आत ऐकू येतं.

याच बँडने 2000 साली मेरिलिन मॅन्सनने (चर्चवाल्यांना धडकी भरवणारा रॉक गायक) माझी मैत्रीण खाल्ली असं गाणं केलं होतं. चर्चच्या पोरांच्या सहलीत खपणारा विनोद, आणि बोट बाहेरच्याकडे. चार वर्षांत ते बोट आत वळलं. विनोद गेला नाही, बरं झालं. मैत्रिणीच्या आधीच्या मित्राचे आभार मानणारं एक गाणं आहे, त्याने सोडलं म्हणून ती मला मिळाली. आणि 'लेट इट ऑल आउट'मध्ये पियानो पुढे येतो तेव्हा कळतं, की हा माणूस नुसता धांगडधिंगा घालणारा नाही.

अमेरिकेत ख्रिश्चन संगीताचा बाजारच वेगळा असायचा: वेगळी लेबलं, वेगळे रेडिओ, धार्मिक पुस्तकांच्या दुकानात मिळणाऱ्या सीड्या. रिलायंट के गोटी रेकॉर्ड्सचे, म्हणजे ख्रिश्चन गायक टोबीमॅकने साथीदारांबरोबर काढलेल्या लेबलचे. या अल्बमला कॅपिटल या बड्या रेकॉर्ड कंपनीची साथ मिळाली आणि तो सगळ्यांच्या दुकानात गेला. बिलबोर्ड मासिकाच्या अमेरिकन खपाच्या यादीत थेट 15 व्या क्रमांकावर उतरला, पुढे गोल्ड झाला, म्हणजे पाच लाख प्रती. देव विकायला काढला म्हणणारे एका बाजूला, देव लपवला म्हणणारे दुसऱ्या बाजूला, हे अशा बँडांच्या पाचवीलाच पुजलेलं. मला ती तक्रार दोन्हीकडून पोकळ वाटते. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले तेव्हा चाल आणि छंद तुकोबांकडूनच उचलले होते ना? ज्या आवाजात माणूस वाढला त्याच आवाजात तो प्रार्थना करणार. कॅन्टनच्या पोरांना तो आवाज गॅरेजमध्ये सापडला.

सगळंच ग्रेट नाही. चौदा गाणी जास्त होतात. 'धिस वीक द ट्रेंड'पाशी मी दोनदा पुढे सरकवलं, आणि शेवटचं 'व्हेन आय गो डाउन' सहा मिनिटांच्या वर ताणलंय. त्यातली पहिली तीन मिनिटं मात्र कुणी कापली तर भांडेन.

2007 चा पुढचा अल्बम रांगेत टाकलाय. त्यात 'डेथबेड' नावाचं अकरा मिनिटांचं गाणं आहे, मरायला टेकलेल्या माणसाने सांगितलेलं आयुष्य. ते शनिवारी दुपारी ऐकेन. रात्री, झोपायच्या आधी, अजिबात नाही.