दोन ते आठ अंश

गेली एकोणीस वर्षे मी अंधेरीतील एका औषध कंपनीच्या निर्यात विभागात कागदपत्रांचे काम पाहते. युद्धग्रस्त प्रदेशांतील नागरिकांसाठी जाणाऱ्या मदतीच्या मालात कधीकधी आमचे इन्सुलिनही असते. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावे लागते, म्हणून पेट्यांत तापमान नोंदवणारे आगपेटीएवढे यंत्र ठेवतात. आम्ही त्याला लॉगर म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका खेपेच्या लॉगरची नोंद ई-मेलने आली. कारखान्यापासून सहारच्या कार्गो टर्मिनलपर्यंत आणि तिथून परदेशातील विमानतळापर्यंत आलेखाची रेघ पाच अंशांच्या आसपास सरळ होती. पुढे सीमेवर ट्रक अकरा दिवस उभा राहिला, चौथ्या दिवशी शीतयंत्राचे डिझेल संपले आणि रेघ चढत चढत ३१ अंशांवर गेली. सगळा माल नष्ट करावा लागला. माझ्या भाच्याला टाइप वन मधुमेह आहे. त्याची कुपी परळच्या केमिस्टकडे मिळाली नाही तर आम्ही लगेच दादर गाठतो, कारण इन्सुलिनशिवाय असे मूल फार दिवस जगत नाही. तो आलेख पाहताना मला त्याचाच चेहरा दिसत होता.

त्यानंतर मी १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे २३ वे कलम वाचून काढले. नागरिकांसाठीच्या औषधांना वाट द्यावी, असे ते बजावते. अन्नाच्या बाबतीत मात्र ते फक्त १५ वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणी यांचाच विचार करते. शिवाय माल शत्रूच्या हाती पडेल अशी गंभीर शंका असल्यास तो अडवण्याची मुभाही त्यातच आहे. १९७७ च्या पहिल्या पूरक कराराने मदतीची कक्षा सर्व नागरी लोकसंख्येपर्यंत वाढवली, पण संबंधित पक्षांच्या संमतीची अट ठेवली. आपला देश या पूरक करारात अजून सामील नाही, याची मला मनापासून खंत वाटते. पुढे २०१८ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४१७ द्वारे उपासमारीचा शस्त्र म्हणून वापर करण्याचा आणि मदत बेकायदा अडवण्याचा निषेध केला.

तपासणी होऊच नये, असे मी म्हणत नाही. सहारला कस्टमने माल थांबवला तर हरकत लेखी येते, तिच्यावर तारीख असते आणि तिला उत्तर देता येते. त्या सीमेवर अकरा दिवसांत ना कोणी ‘नाही’ म्हटले, ना कारण लिहून दिले. औषध नासेपर्यंत गप्प राहणे हा नकारच आहे, आणि त्याची नोंद नकार म्हणूनच व्हायला हवी. नाहीतर कलम शाबूत राहते आणि रुग्ण मरतो.

पुढच्या महिन्यातील खेपेसाठी आम्ही विजेशिवाय पाच दिवस थंड राहणाऱ्या पेट्या मागवल्या आहेत. मागच्या वेळी ट्रक डिझेल संपल्यावर सात दिवस उभा होता.