पाणीपुरवठा योजनेवर मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर लावलं, माझा अनुभव

आमचा भाग पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातला, बोअर मारलं तरी खारंच पाणी, त्यामुळे प्रादेशिक योजनेचा (अनेक गावांना मिळून एकच पाणीयोजना) पंप बंद पडला की गावाला दुसरी सोयच नाही. म्हणून देखभालीचं सॉफ्टवेअर लावायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी ते खूप मनावर घेतलं.

सॉफ्टवेअरवाले म्हणे जुनी एक्सेल शीट आहे तशी चढवून देतो. मी नाही म्हटलं, कारण शीटमधले कितीतरी व्हॉल्व्ह रस्त्याच्या डांबराखाली दबलेले अन् मोटरा कधीच बदललेल्या. फिटर सोबत घेतले, हेडवर्क्सपासून (जिथून योजनेसाठी पाणी उचलतात ती जागा) गावच्या टाकीपर्यंत लाइन पायी पाहिली, पंप, स्टार्टर पॅनेल, एअर व्हॉल्व्ह, स्लुइस व्हॉल्व्ह, प्रत्येकाला नंबर, फोटो, जीपीएस. वेळ लय गेला पण यादीच चुकीची असली तर वर्क ऑर्डर, म्हणजे दुरुस्तीच्या कामाचा आदेश, भलत्याच मशीनवर निघते.

खरी अडचण माणसांची. आमचे सर्वात जुने फिटरकाका सरळ म्हणाले, "साहेब, हे मोबाइलात टाकून आमच्यावर नजर ठेवून राह्यले का?" मला त्यांचं बरोबर वाटलं. म्हणून सुरुवात स्टोअरपासून केली, ग्लँड पॅकिंग, बेअरिंग, कॉन्टॅक्टर अशा सुट्या भागांचा किमान साठा सॉफ्टवेअरात टाकला, त्याच्याखाली गेला की मागणी आपोआप निघते. सामान वेळेवर हातात पडायला लागलं तसे काका स्वतःच काम झालं की नोंद टाकायला लागले, फोटोसकट.

ग्रीसिंग महिन्यावर नाही, आवर मीटरवर लावा, म्हणजे पंप किती तास चालला त्यावर. आमच्याकडे लाइटीचा भरवसा नाही, एक पंप दिवसभर चालते अन् दुसरा उभाच असते, दोघांची तारीख सारखी कशी चालेल? मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) मोटरचं इन्सुलेशन तपासायचं मात्र पावसाळ्याआधी नक्की, ते तारखेवरच ठेवलं. बिघाडाच्या कारणांची यादी छोटी ठेवा अन् त्यात 'इतर' नका ठेवू, नाहीतर सगळे तेच दाबतात अन् नोंदीतून काहीच कळत नाही. ॲप बिना नेटवर्कचं चालते का हे घेण्याआधी पंपहाउसवर उभं राहून पाहा.

आता गावच्या टाकीवर पाणी सोडणाऱ्या भावांना यात आणतो आहे. त्यांचं ट्रेनिंग ग्रामपंचायतीतच दुपारी घेतो, सकाळी तालुक्याला बोलावलं तर त्या दिवशी गावाला पाणी कोण सोडणार?