चांदी भरण्याआधीचा खड्डा

खालची मागची दाढ वरून काळी पडली होती, गोड खाल्लं की कळ यायची. नेरूळच्या एका डेंटल कॉलेजात गेले. ऐरोलीहून लोकलने सोपं पडतं. तिथे शिकणारी मुलं काम करतात आणि मॅडम टप्प्याटप्प्याला येऊन तपासतात. वेळ जास्त जातो, पण आपल्या तोंडात काय चाललंय ते सगळं कानावर पडतं. मला तर याचा फार आधार वाटला.

एक्स-रेमध्ये कीड नसेपासून लांब होती, म्हणून रूट कॅनाल टळलं. चांदी, म्हणजे पारा मिसळलेलं धातूंचं मिश्रण, भरायचं ठरलं. इंजेक्शनने ओठ आणि अर्धी जीभ जड झाली. "काकू, दाब जाणवेल, पण दुखायला नको. दुखलं तर डावा हात वर करा," असं माझं काम करणाऱ्या शिकाऊ मुलीने सुरुवातीलाच सांगितलं.

मला वाटलं होतं, कीड काढली की झालं. पण ड्रिल थांबेचना! मॅडम आल्यावर उलगडा झाला. चांदी दाढेला चिकटत नाही. ती खड्ड्याच्या आकारामुळे टिकते, म्हणून खड्डा लोट्यासारखा हवा: तोंडाशी किंचित अरुंद, आत रुंद. तळ सपाट हवा, म्हणजे चावताना जोर सारखा पडतो. खोली दीड-दोन मिलिमीटर तरी लागते, नाहीतर पातळ चांदी तडकते. कडाही काटकोनात हव्यात. मॅडमनी आत बारीक आरसा फिरवला आणि म्हणाल्या, "इथे इनॅमलखाली आधार नाही, हे काढ." इनॅमल म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण. दिसायला चांगला भाग का काढायचा? तर खालून पोकळ असलेली कड चावताना तुटते आणि तिथून पुन्हा कीड शिरते.

ड्रिलसोबत पाण्याचा फवारा सतत चालू असतो, दाढ तापली तर आतल्या नसेला इजा होते. तळाजवळचा मऊ भाग मात्र तिने चमच्यासारख्या हत्याराने हातानेच खरवडला. सगळ्यात नाजूक काम तेच वाटलं.

पाऱ्याबद्दल मी स्पष्ट विचारलं. चांदीच्या मिश्रणात जवळपास निम्मा पारा असतो, पण तो इतर धातूंशी बांधला जातो. तरी पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना ती भरू नये असं ठरलं आहे, आणि युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासून ती जवळपास बंदच केली आहे. तुमच्या घरात यांपैकी कुणी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

पुढचं भरणं भराभर उरकलं: ठासून दाबलं, कोरलं, निळा कागद चावायला देऊन उंची पाहिली. चोवीस तास त्या बाजूने चावायचं नाही. पॉलिशसाठी पुन्हा बोलावलंय.